आमच्या ध्यानाची आठ रिळं

परवानगीचा फॉर्म परत आला होता आणि सहीच्या जागी एकच शब्द होता: नाही. पेन इतकं दाबून चालवलं होतं की 'ही'च्या वेलांटीपाशी कागद फाटला होता. तिने तो खिडकीकडे धरून पाहिला, उलटा करून पाहिला, पाकीट झटकलं. कारण नाही, पत्र नाही, फोन नंबर नाही. मागे भट्टी आपली गुणगुणत होती. भट्टी म्हणजे खरं तर प्रयोगशाळेत असते तशी एक लहानशी पेटी, पन्नास अंशांवर तासन् तास स्थिर राहणारी. पण ध्वनिसंग्रहातल्या लोकांनी तिचं नाव भट्टी पाडलं होतं आणि जाता-येता 'आज काय शेकताय?' असं विचारून ते हसत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या टेपा हवेतली ओल पिऊन चिकट होतात. मशीनवर लावल्या की किंचाळतात आणि अंगावरचा तपकिरी थर, म्हणजे ज्यात आवाज असतो तोच, खरवडून टाकतात. मंद आचेवर शेकल्या तर दोन-तीन आठवडे शहाण्यासारख्या वागतात. तेवढ्यात आवाज उतरवून घ्यायचा. आत आत्ता आठ रिळं होती, रेडिओवरच्या 'दुपारची मावशी' या कार्यक्रमाची, आणि ती दुसऱ्यांदा शेकली जात होती. पहिल्यांदा शेकली तेव्हा परवानग्यांची पत्रं फिरत राहिली आणि मुदत निघून गेली. तिसऱ्यांदा ती टिकतील असं छातीठोकपणे सांगायला ती तयार नव्हती. तो कार्यक्रम लिहून स्वतःच सांगणाऱ्या दिवंगत लेखिकेच्या पाचांपैकी चार वारसांनी सह्या दिल्या होत्या. चौघांतल्या थोरल्या ताईंनी तर फोनवर ठासून सांगितलं होतं, "धाकट्याचं मी बघते, तुम्ही तुमचं काम सुरू करा." आणि हिने केलं! पस्तीस वर्षं नोकरी झाली, तरी कुणी ठामपणे बोललं की हिचा विश्वास बसतो. तिने भट्टीचं दार उघडलं, बंद केलं. एवढ्यानेही आतली ऊब कमी होते हे तिला माहीत होतं, आणि म्हणून ती स्वतःवर आणखी चिडली.

वकीलसाहेबांच्या खोलीत नेहमीप्रमाणे एसी जास्तच होता. संग्रहाचे हे कायदेशीर सल्लागार तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अतिशय सभ्य, कधी आवाज न चढवणारे, आणि त्यामुळेच डोक्यात जाणारे. त्यांनी फॉर्म नीट सपाट केला, फाटलेल्या जागेवर बोट ठेवलं. "नाही म्हणजे नाहीच दिसतंय." ती म्हणाली, "साहेब, टेप मरतेय." ते म्हणाले, "मी मरू द्या म्हणतोय का? जुना करार बघा. दोनदा प्रसारण, त्यानंतर सगळे हक्क लेखिकेकडे, तिच्यानंतर वारसांकडे, सगळ्यांच्या संमतीने. टेप आपली आहे. टेपवर जे आहे ते त्यांचं." "म्हणजे बाटली आपली आणि आतलं त्यांचं?" "अगदी बरोबर," ते खूश होऊन म्हणाले. तिला ती बाटली त्यांच्या टेबलावर आपटावीशी वाटली. नऊ महिने. नऊ महिन्यांत तिने शब्दांचा हक्क वेगळा, आवाजाचा वेगळा आणि सुरुवातीच्या अकरा सेकंदांच्या सुरावटीचा वेगळा हे सगळं शिकून घेतलं होतं. त्या अकरा सेकंदांच्या मालकाच्या शोधात दोन वाद्यवृंदांच्या जुन्या याद्या पालथ्या घातल्या होत्या आणि शेवटी एका निवृत्त व्हायोलिनवाल्याने सांगितलं होतं की ते स्टुडिओत बसल्या-बसल्या कुणीतरी पेटीवर वाजवलं होतं, पोटात भूक लागली होती म्हणून, वेळ जायला. 'कुणीतरी' या नावाचा रकाना फॉर्मात नव्हता. घरी नवरा म्हणाला होता, "आपल्या लग्नाची कॅसेट माळ्यावर बुरशी खातेय, आणि तू जगाची रिळं शेक." मुलगी फोनवर म्हणाली होती, "आई, टाकून दे ना कुठेतरी इंटरनेटवर, कोण विचारतंय?" कोण विचारतंय! विचारणारा असता तर बरं झालं असतं, असं तिला त्या वेळी वाटलं होतं. आता पाच वारसांमधला एक विचारायला उभा राहिला होता, तर त्याचाही राग येत होता.

बसमध्ये बसून त्या धाकट्याच्या पत्त्यावर जाताना तिने मनातल्या मनात त्याच्याशी तीनदा भांडण केलं. ताईंनी सांगितलंच होतं, "लहानपणापासून हेकट. आईच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा यायचा, बसायचा, आणि एक शब्द बोलायचा नाही." बस एका चौकात खूप वेळ थांबली. समोरच्या काचेवर कुणीतरी आतून बोटाने चेहरा काढला होता आणि तो अर्धा पुसला गेला होता. तिला आईची आठवण आली. ती येणारच होती, किंबहुना या आठ रिळांचं नाव काढलं की आईच आधी यायची. आई घरी शिलाईचं काम करायची, ढिगाने शर्ट यायचे आणि ती फक्त काजं-बटणं करायची. दुपारी शाळेतून आल्यावर मशीनची खडखड हाच घराचा आवाज असे. आई हसायची नाही. रागीट होती असं नव्हे, हसण्यात वेळ घालवणं तिला परवडत नसावं. फक्त आठवड्यातून एकदा रेडिओवर दुपारच्या मावशीचा आवाज आला, घरातल्या गमती सांगून झाल्या आणि मावशी म्हणाली, "बरं का, आता आमच्या ध्यानाचं ऐका," की आईचा पाय मशीनवरून उतरायचा. ती तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढून उशीत खोचायची. आधी टाचण्या काढून ठेवायची, कारण पुढे हसू येणार हे तिला माहीत असायचं. मग मावशी आपल्या धाकट्या मुलाची, त्या ध्यानाची, फजिती सांगायला लागायची आणि आईचे खांदे हलायला लागायचे. आवाज नाही, नुसते खांदे. ही जमिनीवर बसून रेडिओपेक्षा त्या खांद्यांकडेच बघायची. आईचा एकही आवाज कुठे राहिला नव्हता, साधा निरोपसुद्धा कुणी टेप केला नव्हता, आणि हिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांचे आवाज जपले होते. ही आठ रिळं नीट उतरली तर त्यांच्या मागे कुठेतरी ती दुपार असेल, ते घर असेल, अशी एक वेडगळ समजूत तिने नऊ महिने जोपासली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. फॉर्ममध्ये 'जतनाचं प्रयोजन' या रकान्यात तिने लिहिलं होतं: सांस्कृतिक महत्त्व.

धाकट्याचं चष्म्याचं दुकान होतं. अरुंद, स्वच्छ, भिंतीवर आरशांच्या पट्ट्या आणि मागे काचा घासायच्या यंत्राची बारीक कुरकुर. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, पांढरे केस बारीक कापलेले, छातीवर साखळीला लावलेलं भिंग. तिने ओळख सांगितली. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, पण ऐकत नव्हता, मग म्हणाला, "चष्मा काढा." "काय?" "उजवीकडून उतरलाय. किती दिवस असं वाकडं बघताय?" तिने चष्मा दिला. त्यामुळे त्या सगळ्या बोलण्यात तिला त्याचा चेहरा धूसरच दिसला. तो छोट्या पेचकसाने काडीचा स्क्रू घट्ट करत होता. ती तयार करून आणलेलं सगळं बोलली: चिकट टेपा, भट्टी, तीन आठवडे, एका पिढीच्या दुपारी, बायकांच्या घरातल्या बोलण्याची एवढी चांगली नोंद दुसरी नाही. बोलता बोलता तिलाच आपला आवाज सरकारी वाटायला लागला. तो वाक्य सुरू करण्याआधी थांबायचा, प्रत्येक वेळी, जिना उतरणारा माणूस पायरी चाचपतो तेवढं. "तुम्ही," तो म्हणाला, "ऐकायचात का?" "दर आठवड्याला. माझी आई तर..." "ध्यान म्हणजे मी." "हो, ते माहीत आहे मला." "मी अडखळायचो. ती त्याची नक्कल करायची. रेडिओवर." त्याने काडी उघडझाप करून पाहिली. "कंडक्टरला 'बाजार' सांगायचं होतं. मी ब-ब-ब करेपर्यंत बाजार मागे गेला, आणि मग मी तीन थांबे चालत आलो. आठवतं?" आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. शाळेत मधल्या सुट्टीत बाकावर उभं राहून ती स्वतः ते करून दाखवायची, ब-ब-बाजार, ब-ब-बाजार, आणि मुली लोळायच्या. तिचा तो हातखंडा होता. एकदा दुसऱ्या वर्गाच्या बाईंनीसुद्धा करून दाखव म्हणून बोलावलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने त्याकडे स्वतःची लहानपणची हुशारी म्हणून पाहिलं होतं आणि त्या ध्यानाला शरीर असेल, त्याला शाळा असेल, त्याच्याही वर्गात बाक असतील, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. "मीही करायचे," ती म्हणाली. म्हणायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. "शाळेत. तुमची नक्कल." तो थांबला. "सगळेच करायचे," तो म्हणाला आणि चष्मा तिच्या नाकावर बसवला, दोन्ही कानांमागे बोटाने चाचपून पाहिलं. आता त्याचा चेहरा स्पष्ट दिसला. हेकट वगैरे काही नव्हता. कंटाळलेला होता. "मी नोकऱ्या बदलल्या. दुसऱ्या गावी राहिलो. तिथेही कुणीतरी निघायचं, अहो, तुम्हीच ना ते ध्यान? आता ते सगळे म्हातारे होऊन विसरत चाललेत. आणि तुम्ही शेकून शेकून ताजं करताय."

परतीच्या बसमध्ये तिला उत्तरं सुचली, तीन-चार, सगळी बरोबर आणि सगळी हलकट. आपण आगीत सापडलेल्याला बाहेर काढणारे लोक आहोत अशी तिची आजवर समजूत होती. एखाद्याला ते जळायलाच हवं असेल, तर? पण मग आई? टाचण्या काढून ठेवणारी आई, तिने काय पाप केलं होतं? ती त्या मुलाला हसत नव्हती. मग कशाला हसत होती? हिचा दादाही घरात ध्यानच होता, सांडलवंड करायचा, आणि त्याला मात्र आई कधी हसली नाही, मारायची. ती हे उकरत बसली आणि उतरायचा थांबा गेला. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "दिली का सही?" ती म्हणाली, "तो म्हणतोय ते खरं आहे." "मग सोड." "सोडता येत नाही ना!" ती एवढ्या जोरात म्हणाली की त्याने टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी तिने चष्मेवाल्याला फोन केला आणि मन वळवण्याचा प्रयत्न न करता एकच विचारलं: तुम्ही ते स्वतः ऐकलंय का कधी? पलीकडे यंत्राची कुरकुर थांबली. नव्हतं ऐकलं. त्या वेळेला तो घराबाहेर असायचा, मुद्दाम. त्याला फक्त लोकांनी केलेल्या नकला माहीत होत्या. नकलेच्या नकला.

वारसाला मूळ टेप ऐकवायला हरकत नाही, असं वकीलसाहेबांनी पुस्तक बघून सांगितलं. मात्र टेपची नक्कल उतरवून घेणारं यंत्र बंद हवं. ती म्हणाली, "साहेब, ही टेप एकदा धड वाजेल. फार तर दोनदा. त्यातली एक वेळ अशी घालवायची?" ते म्हणाले, "मला समजतंय हो." समजतंय, समजतंय, आणि फाइल मिटतात! गुरुवारी सकाळी चष्मेवाला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. ती त्याला आवाजाच्या खोलीत घेऊन गेली आणि डब्यावरची नोंद बघून तिसरं रीळ लावलं; बाजारचा भाग त्यातच होता. यंत्राच्या शेजारीच नक्कल घेणारा संगणक होता. एक कळ. ती दाबून वरचा लाल दिवा झाकला असता तर त्याला काय, कुणालाच कळलं नसतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि टेप सोडली. अकरा सेकंद पेटी, कुणीतरी भुकेल्याने वाजवलेली. मग मावशी. एवढ्या वर्षांनी तो आवाज खोलीत उघडला. तो आवाज चांगला होता, तोच तर त्रास होता. एखादी वाईट बाई असती तर सोपं झालं असतं. मावशी सांगत गेली, आणि मग कंडक्टर, आणि मग ती नक्कल. ती शाळेतल्या ब-ब-सारखी मुळीच नव्हती. आधी एक श्वास अडला, मग ओठांवर नुसता दाब, आवाजाविना, मग घशात कुठेतरी शब्द मागे सरकला, पुन्हा श्वास. टेपवरच, तेव्हाच्या स्टुडिओत काचेपलीकडचा कुणी तंत्रज्ञ खुदकन हसलेला ऐकू आला. चष्मेवाला ताठ बसला होता. त्याचे ओठ आपोआप तेच करत होते, क्षणभर मागे राहून. "हा माझा आवाज आहे," तो हळूच म्हणाला. "नऊ वर्षांचा. कुठेच नाही तो." आणि थोड्या वेळाने, "एवढं नीट ऐकायची. एवढं नीट ऐकून..." तेवढ्यात टेप किंचाळायला लागली. तिने झडप घालून यंत्र थांबवलं. टेप वाचणाऱ्या हेडवर तपकिरी भुकटी साचली होती, बोटभर जागेतला आवाज गेला होता आणि आता तो कुठल्याच भट्टीने परत येणार नव्हता. तिला इतका संताप आला, कायद्याचा, मावशीचा, त्या हसणाऱ्या तंत्रज्ञाचा, आपल्या मांडीवर शहाण्यासारख्या बसलेल्या हातांचा, की डोळ्यांत पाणी आलं. ती भुकटी कापसाने पुसत राहिली. "हे गेलं?" त्याने विचारलं. "थोडं गेलं." "माझ्यामुळे." "नाही हो. असंच जातं."

तो खिडकीशी उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "ठेवा. उतरवून ठेवा. पण मी असेपर्यंत कुणालाही ऐकवायचं नाही. ताईला नाही. तुमच्या साहेबांना नाही." मग पायरी चाचपल्यासारखा थांबून, "तुम्हीही ऐकायचं नाही." तिच्या तोंडापर्यंत आलं होतं की माझी आई, माझ्या आईच्या टाचण्या, मला फक्त एकदा. तिने मान डोलावली. हे कसं लिहायचं यावर वकीलसाहेबांनी दोन दिवस घेतले, पण लिहिलं, आणि त्याने सही केली. तिने आठही रिळं आवाज बंद ठेवून उतरवली. समोर फक्त आवाजाची पातळी दाखवणारे काटे हलत होते. आत येणारे-जाणारे थबकत, "अहो मॅडम, स्पीकर बंद आहे तुमचा," म्हणत, आणि ती म्हणायची, "माहीत आहे." कुठे काटे बारीक बारीक थरथरायचे तेव्हा ती नजर वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची.

अडचण मग वेगळीच निघाली. नियमाप्रमाणे प्रत्येक नक्कल कुणीतरी पूर्ण ऐकून तपासल्याशिवाय दप्तरी दाखल होत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "आता?" ती म्हणाली, "आता काय! ज्याला ऐकायची परवानगी आहे त्यालाच बोलावू." म्हणून पुढचे आठ गुरुवार चष्मेवाला दुकान अर्धा दिवस बंद ठेवून येत राहिला. ती त्याला हेडफोन द्यायची आणि तपासणीचा कागद: मिनिट-सेकंद, दोष, शेरा. दोष म्हणजे खरखर, गुणगुण, तुटलेला आवाज, हे तिने दोनदा समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि आपल्या भिंगवाल्याच्या बारीक अक्षरात लिहायला बसला. ती शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींना क्रमांक घालत बसायची आणि वर बघायची नाही. पहिला कागद तिने घरी जाण्याआधी वाचला. दोन ठिकाणी खरखर, बरोबर नोंदवलेली. आणि मग: '१९ मि. ४० से. दोष: सांगितलेलं खोटं आहे. दूध मी सांडलं नव्हतं, मांजर आलं होतं. ताईला माहीत आहे.' ती कपाळावर हात मारून बसली. पुढच्या गुरुवारी ती त्याला म्हणणार होती की या रकान्यात असं चालत नाही. म्हणाली नाही. तिसऱ्या रिळाच्या कागदावर होतं: '२२ मि. ०५ से. आवाज बसला आहे. आधी स्पष्ट होता, मी ऐकला आहे. दोष: बाजारचा थांबा मागे गेला नव्हता. मी दोन थांबे आधीच उतरलो होतो, बोलावं लागू नये म्हणून. आईला तसं सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.' ती हे वाचत दिवा न लावता तशीच उभी राहिली. चौथ्यावर: 'नक्कल बरोबर.' पाचव्यावर: 'हे घडलंच नव्हतं, पण छान सांगितलंय.'

वकीलसाहेबांनी ते कागद पाहिले तेव्हा ते प्रथमच खुर्चीत मागे टेकले. "या शेऱ्यांचा हक्क कुणाचा? हे लिखाण झालं की हो." "मला विचारू नका!" ती ओरडलीच. "त्या माणसाने काय लिहिलंय ते वाचलंत का तुम्ही? की नुसता मालक शोधताय?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाचलं," ते म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात, "मीही जरा थांबून थांबूनच बोलायचो लहानपणी. म्हणून विचारतोय. हे कुणी उद्या टाकून देऊ नये." तिने त्यांच्याकडून कोरा फॉर्म घेतला आणि आठव्या गुरुवारी चष्मेवाल्यासमोर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. "टेपा बंदच," तो म्हणाला. "पण हे... हे कुणालाही वाचू द्या." आणि सही केली, फारसा दाब न देता.

तो गेल्यावर तिने शेवटचा कागद फाइलला लावायला घेतला. खरखरीच्या दोन नोंदी होत्या, एक पेटीच्या सुरावटीतला खड्डा. त्याखाली लिहिलं होतं: '२६ मि. १० से. कार्यक्रम इथे संपतो. पुढे टेप कोरी आहे. तरी शेवटपर्यंत ऐकली.'